निवृत्तीचा व्हिसा : खानदेशातून मांडलेला हिशोब

आखाजीला मी दरवर्षी धुळे तालुक्यातल्या आमच्या मूळ गावी जातो. थोरले बंधू, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, तिथेच राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन त्यांना काही वर्षे झाली. एकुलता एक मुलगा कॅनडात टोरांटोजवळ असतो. यंदा जेवणं झाल्यावर नानांनी कपाटातून एक फाइल काढली आणि माझ्यापुढे ठेवली. शहरातल्या एका एजंटाने 'कॅनडाचा रिटायरमेंट व्हिसा' काढून देण्याचं कबूल केलं होतं. त्याची फी तीन लाख होती, शिवाय 'फंड दाखवायला' पंचवीस लाख खात्यात हवेत असं त्याने सांगितलं होतं. त्यासाठी नानांनी दोन एकर कोरडवाहू जमिनीचं गिऱ्हाईकही पाहून ठेवलं होतं. "तू एवढे कागद धुंडाळत असतोस, हे एकदा वाचून बघ," ते म्हणाले.

मी वकील नाही की सनदी लेखापाल नाही. खानदेशातून बाहेर गेलेल्या माणसांविषयी गेली वीस-बावीस वर्षे टिपणं काढतो, एवढीच माझी पात्रता. सुरतेला गेलेल्यांची माहिती माझ्याकडे पुष्कळ होती, सातासमुद्रापारची तशी थोडीच. म्हणून पुढचे चार महिने निरनिराळ्या देशांचे नियम, रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं आणि आयकराच्या तरतुदी वाचण्यात गेले. त्यातून जे समजलं ते या लेखात मांडतो आहे. नानांसारखी फाइल आज जळगाव-धुळ्यातल्या बऱ्याच घरांतल्या कपाटांत असेल, असा माझा अंदाज आहे.

रिटायरमेंट व्हिसा म्हणजे काय?

व्हिसा म्हणजे परक्या देशात शिरण्याची आणि ठरावीक मुदत राहण्याची परवानगी. नोकरीचा, शिक्षणाचा, पर्यटनाचा असे त्याचे प्रकार आपल्याला ठाऊक असतात. निवृत्तीचा व्हिसा यांहून वेगळा आहे. त्यात यजमान देश पाहुण्याला सांगतो : तुम्ही इथे काम करायचं नाही, आमच्या तिजोरीवर भार टाकायचा नाही, आजारपणाची सोय स्वतः करायची, आणि बाहेरून येणारा पैसा इथे खर्च करायचा. या अटी मान्य असतील तर राहा.

ही कल्पना सरकारी योजनेच्या रूपात आली ती बहुतेक गेल्या चाळीस वर्षांत. फिलिपिन्सने १९८५ मध्ये निवृत्तांसाठी स्वतंत्र प्राधिकरण काढलं. पनामाने १९८७ मध्ये पेन्शनरांसाठी कायदा केला. मलेशियाने १९९६ मध्ये 'सिल्व्हर हेअर' नावाची योजना आणली, तीच २००२ पासून 'मलेशिया माय सेकंड होम' म्हणून ओळखली जाते. या योजना डोळ्यांसमोर ठेवत होत्या तो माणूस अमेरिकेचा, युरोपचा, जपानचा. त्याची पेन्शन डॉलरमध्ये किंवा येनमध्ये, आणि खर्च पेसोत किंवा रिंगिटमध्ये. महाग देशात कमावायचं आणि स्वस्त देशात म्हातारपण काढायचं.

रीत मात्र जुनी आहे. खानदेशात १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभी करणारा जेम्स औट्रम पुढे मोठा सेनानी झाला. प्रकृती ढासळल्यावर तो हिंदुस्थान सोडून गेला आणि १८६३ मध्ये वारला तो फ्रान्सच्या दक्षिणेतल्या पो या गावी. सौम्य हवेचं ते गाव त्या काळी इंग्रजांचं आवडतं ठिकाण होतं. हिंदुस्थानच्या तिजोरीतून मिळालेल्या पेन्शनवर परदेशी राहणारे साहेब त्या काळात कमी नव्हते. पण त्यांची पेन्शन पौंडांत मोजली जाई. आपली रुपयांत येते, आणि पुढचा सगळा हिशोब या एका फरकावर उभा आहे.

चार देशांचे दर

अटी बदलत असतात, त्यामुळे अर्ज करताना त्या त्या देशाच्या वकिलातीचा ताजा नियम पाहावाच लागतो. तरी अंदाज यावा म्हणून सध्याचे आकडे देतो. रुपयातली रक्कम यंदाच्या दिवाळीच्या सुमाराच्या विनिमय दराने, ढोबळ धरली आहे.

थायलंड : वय किमान ५०. बँकेत ८ लाख बाट ठेव किंवा दरमहा ६५ हजार बाट उत्पन्न. बाट सुमारे २ रुपये ७० पैशांना धरला तर ठेव होते साडेएकवीस लाखांच्या आसपास आणि मासिक उत्पन्न पावणेदोन लाख. मुदत एक वर्षाची, मग दरवर्षी वाढवून घ्यायची. दर ९० दिवसांनी आपला पत्ता इमिग्रेशन कार्यालयाला कळवायचा. परवानगी न काढता देशाबाहेर पडलं तर मिळालेली मुदतवाढ रद्द होते. भारतातूनच काढायच्या 'ओ-ए' प्रकाराला आरोग्य विमाही लागतो. थायलंडचा दहा वर्षांचाही एक निवृत्ती व्हिसा आहे. तो चौदा ठरावीक देशांच्या नागरिकांनाच मिळतो आणि त्या यादीत भारत नाही. एजंटाच्या माहितीपत्रकात दहा वर्षांचा उल्लेख दिसला, तर हे लक्षात ठेवावं.

मलेशिया : २०२४ च्या नव्या रचनेत 'सिल्व्हर' गटाला दीड लाख अमेरिकन डॉलरची मुदत ठेव लागते, म्हणजे सव्वा कोटीहून जास्त. शिवाय तिथे घर विकत घेण्याची अट आहे.

संयुक्त अरब अमिरात : वय ५५ पासून पाच वर्षांचा व्हिसा. १० लाख दिरहमची ठेव दाखवणं हा त्यातला एक मार्ग. दिरहम २४ रुपयांना धरला तर दोन कोटी चाळीस लाख.

पोर्तुगाल : 'डी-७' व्हिसाला पेन्शन, भाडं किंवा व्याज असं काम न करता येणारं उत्पन्न लागतं. ते त्या देशाच्या किमान वेतनाइतकं हवं. २०२५ मध्ये ते ८७० युरो होतं, आणि जोडीदारासाठी त्याच्या निम्मं आणखी. म्हणजे दोघांचे मिळून महिना एक लाख तीस हजारांच्या पुढे. राहण्याच्या जागेचा पुरावा वेगळा.

आता नानांची बाजू. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांना मिळणारी जुनी पेन्शन त्यांना आहे. महागाई भत्ता धरून महिना साठ हजारांच्या आत-बाहेर. गावात ही मोठी रक्कम आहे, पण वरच्या चारही देशांच्या मासिक उत्पन्नाच्या किंवा ठेवीच्या अटीत ती बसत नाही. बसवायची तर शिल्लक मोडावी लागते, आणि खानदेशात शिल्लक म्हणजे बहुतेकदा जमीन. २००५ नंतर लागलेल्या शिक्षकांची अडचण याहून मोठी असेल. खाजगी नोकरीतल्यांच्या ईपीएस-९५ पेन्शनचं किमान तर महिना १ हजार रुपये आहे. तेवढ्या पावतीवर कुठलीच वकिलात अर्ज पुढे सरकवणार नाही.

मुलं कुठे आणि व्हिसा कुठे

नानांना बँकॉकला किंवा लिस्बनला जायचंच नव्हतं. मी थायलंडचे आकडे वाचून दाखवत असताना वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तठे मना कोन शे?" तिथे माझं कोण आहे? शोध घेताना मला सापडलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वहिनींच्या या प्रश्नाशीच जोडलेली आहे. आपली मुलं ज्या देशांत आहेत, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी निवृत्तीचा व्हिसा अस्तित्वातच नाही.

कॅनडाला असा व्हिसा नाही. अमेरिकेलाही नाही. ब्रिटनमध्ये स्वतःच्या उत्पन्नावर राहणाऱ्या निवृत्तांसाठी एक वर्ग होता, तो २००८ मध्ये बंद झाला. ऑस्ट्रेलियाचा गुंतवणूकदार निवृत्तांचा व्हिसा २०१८ मध्ये बंद झाला. आखातातली मुलं हा अपवाद. पण तिथेही नोकरी करणारा मुलगा आईवडिलांना स्वतःच्या नावावर बोलावू शकतो, त्यामुळे अडीच कोटींच्या ठेवीची गरज सहसा पडत नाही.

या देशांत निवृत्तांसाठी दार नाही, पण आईवडिलांसाठी आहे. ही दोन दारं वेगळी आहेत. पहिल्यात तुमचा पैसा पाहतात, दुसऱ्यात मुलाचा. एजंट लोक यांची सरमिसळ करतात, आणि नानांच्या फाइलमध्ये नेमकं तेच झालं होतं.

कॅनडाचं हे दार म्हणजे 'सुपर व्हिसा'. तो डिसेंबर २०११ मध्ये सुरू झाला. मुलगा किंवा मुलगी तिथली नागरिक किंवा कायम रहिवासी असावी लागते. व्हिसा दहा वर्षांपर्यंतचा, आणि जुलै २०२२ पासून एका खेपेला सलग पाच वर्षांपर्यंत राहता येतं. अटी तीन मुख्य. पहिली, मुलाचं उत्पन्न कुटुंबाच्या माणसांच्या संख्येनुसार ठरवलेल्या किमान मर्यादेपेक्षा जास्त असावं, आणि त्या संख्येत येणारे आईवडीलही धरतात. दुसरी, किमान एक वर्षाचा १ लाख कॅनेडियन डॉलरचा, म्हणजे साठ लाखांहून अधिक रकमेचा आरोग्य विमा. त्यात उपचार, इस्पितळ आणि वेळ आलीच तर माणूस किंवा पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च धरलेला असावा. तिसरी, त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी. नानांनी जमीन विकून पंचवीस लाख खात्यात ठेवावेत, अशी अट यात कुठेच नाही. अर्जाची सरकारी फी आणि बोटांच्या ठशांची फी मिळून माणशी दोनशे डॉलरच्या आत आहे. म्हणजे दोघांचे पंचवीस हजार रुपयेही होत नाहीत.

अमेरिकेत नागरिक झालेला, एकवीस वर्षे पूर्ण केलेला मुलगा आईवडिलांच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज करू शकतो. ते मिळालं की तिथेच राहणं अपेक्षित असतं. वर्षाहून अधिक काळ गावी येऊन राहिलं तर कार्ड धोक्यात येतं. मुलगा नुसता नोकरीच्या व्हिसावर असेल तर आईवडिलांना पर्यटकाचा बी-२ व्हिसाच घ्यावा लागतो आणि एका खेपेला साधारण सहा महिने मिळतात. ब्रिटनने २०१२ पासून वृद्ध पालकांसाठीचे नियम फार कडक केले आहेत. दैनंदिन कामंसुद्धा स्वतःला जमत नाहीत आणि मायदेशात तशी देखभाल मिळणं शक्य नाही, हे सिद्ध करावं लागतं.

कागदांची वाट

कोणताही मार्ग घेतला तरी कागद लागतात, आणि आपल्या भागातल्या अडचणी ठरलेल्या आहेत.

पहिली अडचण जन्मतारखेची. नानांच्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत घालताना गुरुजींनी ती लिहिली. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून आपल्याकडे ३१ मे रोजी निवृत्त होणाऱ्या शिक्षकांची एवढी गर्दी असते. त्याने बिघडत काही नाही, फक्त शाळेचा दाखला, आधार, पॅन आणि पासपोर्ट या चारही ठिकाणी तीच तारीख हवी. कुठे फक्त वर्ष लिहिलेलं असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्यावं.

दुसरी अडचण बायकांच्या नावांची. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, लग्नात बदललेलं दुसरं, आधारवर त्याच्यापुढे 'बाई' लावलेली, बँकेत 'बाई' नाही. वहिनींची अशी तीन नावं निघाली. लग्नाची नोंदही नव्हती, कारण त्या काळी पत्रिका आणि पंगत एवढाच पुरावा असे. ग्रामपंचायतीत विवाह नोंदणी करून दाखला घेणं आणि नावाबाबत राजपत्रात प्रसिद्धी देणं, यातच अडीच महिने गेले. ज्यांना पुढे कधीतरी मुलांकडे जायचं आहे त्यांनी ही दोन कामं आजच उरकावीत. व्हिसा मिळो न मिळो, पतीच्या पश्चात कुटुंब पेन्शन घेतानाही हेच कागद उपयोगी पडतात.

तिसरी, दाखल्यांवरची मोहर. आपला विवाह दाखला परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून तो प्रमाणित करावा लागतो. भारत २००५ पासून हेग करारात आहे. त्या करारातल्या देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाची 'अपोस्टिल' मोहर पुरते. करारात नसलेल्या देशांसाठी त्यांच्या वकिलातीची मोहर वेगळी घ्यावी लागते. पोलिसांकडचा चारित्र्य दाखला पासपोर्ट सेवेमार्फतच मागता येतो.

इकडे मागे काय उरतं?

व्हिसाच्या अर्जात हे कोणी विचारत नाही. मला मात्र हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पेन्शन : राज्याची पेन्शन परदेशी राहिल्याने बंद होत नाही, पण नोव्हेंबरातला हयातीचा दाखला चुकला की ती थांबते. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' ही डिजिटल सोय आहे आणि आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. परदेशी भारतीय वकिलातीतूनही तो मिळतो. जाण्यापूर्वी आपल्या बँकेत आणि कोषागारात यांपैकी काय चालतं ते विचारून, एकदा इथेच करून पाहावं.

बँक : मुलाकडे काही महिने राहायला जाणं वेगळं आणि अनिश्चित काळासाठी परदेशी वास्तव्याला जाणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात परकीय चलन कायद्याने तुम्ही अनिवासी ठरता. साधं बचत खातं 'एनआरओ' करून घ्यावं लागतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवं खातं उघडता येत नाही. पीपीएफ मुदतीपर्यंत चालतं, पुढे वाढवता येत नाही.

पैसे पाठवणं : निवासी भारतीयाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. पण शिक्षण-उपचारांखेरीज अन्य कारणासाठी आर्थिक वर्षात १० लाखांपुढे पाठवलं, की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. थायलंडच्या ठेवीसाठी साडेएकवीस लाख एकदम पाठवले तर दोन लाख तीस हजार अडकतात. विवरणपत्र भरल्यावर ते परत मिळतात किंवा करात वळते होतात, पण तोवर हातात नसतात. काही रक्कम मार्चमध्ये आणि काही एप्रिलमध्ये पाठवली तर हा भार बराच हलका होतो. परदेशात खातं उघडलेल्या निवासी माणसाला 'सहज' हे सोपं विवरणपत्र चालत नाही. ते खातं विवरणपत्रात दाखवावं लागतं आणि न दाखवल्यास मोठ्या दंडाची तरतूद आहे.

औषधपाणी : सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड भारतातच चालतं. परदेशातला विमा मधुमेह, रक्तदाब असेल तर बराच महाग पडतो. अनेक पॉलिसींत जुना आजार ठरावीक काळ 'स्थिर' असल्याची अट असते. त्या काळात डॉक्टरांनी गोळीचा डोस बदलला असेल तरी दावा अडू शकतो. वहिनींच्या बाबतीत ही अट बारकाईने वाचावी लागली.

जमीन : हा मुद्दा मी नानांना दोनदा समजावून सांगितला. अनिवासी झालेला भारतीय नागरिक आपली जुनी शेतजमीन ठेवू शकतो, वारसाने मिळवू शकतो, इथल्या शेतकऱ्याला विकूही शकतो. पण नवी शेतजमीन तो विकत घेऊ शकत नाही. म्हणजे आज दोन एकर विकून गेलं आणि चार वर्षांनी मन लागलं नाही म्हणून परत यायचं ठरवलं, तर अनिवासी असेपर्यंत तिथून जमीन घेता येणार नाही. परत येऊन पुन्हा निवासी झाल्यावर कायद्याची ती आडकाठी जाते, भाव मात्र तोच राहत नाही. सातबाऱ्यावरून नाव पूर्ण गेलं असेल तर शेतकरी असल्याचा पुरावा देण्याची कटकट वेगळी, कारण १९४८ च्या कूळकायद्याने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही.

एजंटाला विचारायचे प्रश्न

एजंटाकडे जाऊच नये असं मी म्हणणार नाही. अर्ज भरायला मदत लागते आणि तिचे पैसे द्यायला हरकत नाही. पण सही करण्याआधी चार गोष्टी लेखी मागाव्यात. व्हिसाचं त्या देशाच्या सरकारी यादीतलं नेमकं नाव काय? सरकारी फी किती आणि तुमची किती? अर्ज फेटाळला तर कोणती रक्कम परत? आणि तुमचा परवाना कोणता? कॅनडाच्या अर्जासाठी पैसे घेऊन सल्ला देण्याचा अधिकार तिथल्या वकिलांना आणि परवानाधारक सल्लागारांनाच आहे, आणि त्या सल्लागारांची नावं त्यांच्या महाविद्यालयाच्या, म्हणजे नियामक संस्थेच्या, नोंदवहीत कोणालाही पाहता येतात. नानांच्या एजंटाला मी पहिला प्रश्न फोनवर विचारला. "रिटायरमेंट कॅटेगरी" यापलीकडे त्याला नाव सांगता आलं नाही. पुढचे तीन प्रश्न विचारायची गरज उरली नाही. आगाऊ दिलेले वीस हजार मात्र अजून परत आलेले नाहीत.

नानांचं पुढे काय झालं

पुतण्याने तिकडून निमंत्रणपत्र, उत्पन्नाचे कागद आणि विम्याची पावती पाठवली. नाना-वहिनींचा सुपर व्हिसाचा अर्ज आम्ही घरीच बसून भरला. ठसे द्यायला मुंबईला एक खेप झाली. व्हिसा आला तेव्हा नानांनी पाच वर्षांचा विचार सोडून दिलेला होता. मे ते ऑक्टोबर तिकडे आणि कापूस वेचणीला, हयातीच्या दाखल्याला गावी परत, असं त्यांनी ठरवलं आहे. पहिली खेप येत्या उन्हाळ्यात. सहाच महिने बाहेर राहणार असल्याने बँकेची खाती आहेत तशीच राहतील.

जमिनीच्या गिऱ्हाइकाला त्यांनी नाही म्हणून कळवलं. त्या दोन एकरांत यंदाही कापूस उभा आहे. फाइल अजून कपाटातच आहे, फक्त आता तिच्यात वहिनींचा विवाह दाखला आहे, एकाच नावाचं आधार आणि पासपोर्ट आहे. मुलं बाहेर असलेल्या प्रत्येक घरात एवढी फाइल तरी तयार असावी.